सुचवील त्याच्या गळ्यात

‘मोकळेपणाने बोला’ हे वाक्य कानावर पडलं की नोकरदार मराठी माणूस आधी दाराकडे बघतो. दार बंद असेल तर गप्प बसतो. उघडं असेल तर बाहेर कोण उभं आहे याचा अंदाज घेतो आणि मग गप्प बसतो.

वाक्य उच्चारणारे साहेब नुकतेच लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टमधून परतलेले असतात. तिथे त्यांना कर्मचाऱ्यांना बोलतं कसं करावं, याचं प्रशिक्षण मिळालेलं असतं. त्यामुळे ते खुर्चीऐवजी टेबलाच्या कडेवर बसतात, बाह्या दुमडतात आणि विचारतात, “सांगा, आपल्याकडे काय बदलायला हवं?”

एसी घरघरतो. कोणीतरी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतं आणि न पिता परत लावतं. अकाउंट्समधल्या बाई वहीत तारीख लिहितात आणि तिच्याखाली रेघ मारतात. निवृत्तीला टेकलेले एक काका म्हणतात, “सगळं छानच चाललंय, सर.” हे ते गेली कित्येक वर्षं, बदलत्या साहेबांसमोर, त्याच स्वरात म्हणत आलेले असतात.

मग साहेबांची नजर कोपऱ्यातल्या नव्या मुलावर जाते. “तुम्ही सांगा. तुम्ही नवीन आहात, तुमचा माइंड फ्रेश आहे.”

मुलगा अजून प्रोबेशनवर असतो. त्याला या नजरेचा इतिहास ठाऊक नसतो. तो उत्साहाने म्हणतो, “सर, रजेचा अर्ज तीन प्रतींत लिहावा लागतो. तो ऑनलाइन केला तर?”

“वा! उत्तम! याला म्हणतात आउट ऑफ द बॉक्स. मग असं करा, हे तुम्हीच बघा. आयटीशी बोला, एचआरशी बोला, शुक्रवारपर्यंत प्रेझेंटेशन द्या. रोजचं काम सांभाळून, अर्थात.”

सगळे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत कौतुक कमी आणि सुटकेचा आनंद जास्त असतो. पुढच्या बैठकीत हाच मुलगा वहीत तारीख लिहून तिच्याखाली रेघ मारताना दिसतो. त्याचं प्रशिक्षण पूर्ण झालेलं असतं, आणि तेही लोणावळ्याला न जाता.

कर्मचारी कल्पना का देत नाहीत, यावर व्यवस्थापनशास्त्राने कपाटं भरतील एवढी पुस्तकं लिहिली आहेत. कारण मात्र चार शब्दांचं आहे: सुचवील त्याच्या गळ्यात पडतं. सूचना करणं म्हणजे आपणहून जादा काम अंगावर ओढवून घेण्याचा अर्ज करणं. आणि हा एकच अर्ज असा आहे, जो कार्यालयात त्याच दिवशी मंजूर होतो.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची उंदरांची सभा आपण लहानपणी ऐकली. गोष्टीत दोष उंदरांच्या भित्रेपणाला दिला जातो. मला तो अन्याय वाटतो. कल्पना उत्तम होती. तंत्रज्ञान साधं, खर्च एका घंटेचा, फायदा सगळ्या बिळांना. चुकलं ते सभेचं संचालन. ज्या तरुण उंदराने कल्पना मांडली, त्याच्याकडे सगळ्यांनी माना वळवल्या, आणि एका वृद्ध उंदराने ‘पण बांधणार कोण?’ एवढंच विचारून शहाणपणाची कीर्ती मिळवली. स्वतः काहीही न सुचवता दुसऱ्याच्या सूचनेवर एक प्रश्न टाकायचा, या गुणावर तो वृद्ध उंदीर पुढे बऱ्याच कार्यालयांत बढती घेत गेला. आजही बैठकीत तो उजव्या हाताच्या दुसऱ्या खुर्चीत असतो.

बोलायला लाजणाऱ्यांसाठी सूचनापेटी असते. ती जिन्याजवळ, अग्निशामक नळकांडं आणि सत्यनारायणाच्या पूजेची जुनी सूचना यांच्या मध्ये टांगलेली असते. तिला कुलूप असतं. किल्ली आस्थापना विभागाच्या ज्या लिपिकाकडे होती, त्याची बदली झालेली असते. पेटीच्या फटीतून आत पाहिलं तर चॉकलेटचे कागद, एसटीची तिकिटं आणि कँटीनच्या उसळीबद्दलची एक निनावी, पण हस्ताक्षरावरून सगळ्यांना ओळखू येणारी चिठ्ठी दिसते.

ही पेटी आजची नव्हे. १७२१ साली, म्हणजे इकडे थोरल्या बाजीरावांना पेशवेपद मिळून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, जपानमध्ये योशिमुने नावाच्या तोकुगावा शोगुनने एदो शहरात, आजच्या टोकियोत, रयतेसाठी अशी पेटी ठेवली. कोणीही यावं, आपलं म्हणणं कागदावर लिहावं आणि आत टाकावं. नाव-पत्ता मात्र हवा. निनावी चिठ्ठीला किंमत नाही. आणि पेटीची किल्ली खुद्द शोगुनकडे. मधल्या कोणाही प्रधानाने, उपप्रधानाने किंवा स्वीय सहायकाने ती उघडायची नाही.

पुढच्याच वर्षी ओगावा शोसेन नावाच्या एका वैद्याची चिठ्ठी निघाली: गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना असावा. त्यावरून कोइशिकावा इथे रुग्णालय उभं राहिलं आणि ते एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललं. एका बेरोजगार सामुराईने तर पेटीतून थेट शोगुनच्या धोरणांवरच टीका केली. त्याचं मुंडकं उडालं नाही, उलट कौतुक झालं. तलवार बाळगणाऱ्या हुकूमशहाला जे जमलं, ते आपल्याकडे शाखाधिकाऱ्याला का जमू नये? माझ्या मते फरक किल्लीचा आहे. शोगुनने ती कमरेला ठेवली. आपण पेटीच्या उद्घाटनाचा फोटो ठेवला.

अमेरिकेत कोडॅक कंपनीने १८९८ साली कामगारांकडून सूचना मागवायला सुरुवात केली. बक्षीस मिळालेली पहिली सूचना होती: कारखान्याच्या खिडक्या धुवा, म्हणजे उजेड येईल. बक्षीस दोन डॉलर. फोटोग्राफीच्या कंपनीत उजेडाची आठवण एका कामगाराला करून द्यावी लागली! खिडकी मळली आहे हे वरिष्ठांना कसं दिसलं नसेल, असा प्रश्न पडतो. उत्तर सोपं आहे: वरिष्ठांची खिडकी बहुधा वेगळी होती.

पुढे १९५० मध्ये टोयोटाचे एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहायला गेले. तिथली सूचना-योजना त्यांच्या डोळ्यांत भरली आणि १९५१ मध्ये टोयोटाने आपली योजना सुरू केली. बाकीच्या जगाने फोर्डकडून मोटार घेतली, जपान्यांनी पेटीही उचलली. १९६२ च्या सुमारास काओरू इशिकावा यांच्या प्रयत्नांतून तिथे गुणवत्ता मंडळं, म्हणजे क्वालिटी सर्कल, सुरू झाली. कामगारांनी गटाने बसून आपल्याच कामातल्या अडचणी सोडवायच्या, ही त्यामागची कल्पना. १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमधून ती भारतात आली आणि कालांतराने ‘कायझेन’चा हात धरून भोसरी-चाकणपर्यंत पोहोचली.

आता पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही कारखान्यात जा, शॉपफ्लोअरवर कायझेनचा फलक असतो. छोटी सुधारणा, रोजची सुधारणा. फार गुणी पद्धत आहे. बसल्या जागी पाना हाताशी यावा म्हणून ऑपरेटरने केलेला साधा हूक वर्षभरातली कितीतरी वाकणी वाचवतो. तसा हूक इंजिनिअरला सुचत नाही, कारण वाकणारी कंबर त्याची नसते. गडबड होते ती यात ‘टार्गेट’ शिरलं की. महिन्याला माणशी दोन कायझेन झालेच पाहिजेत! कल्पना ही गोष्ट वेतनाच्या दिवशी हजर होणारी नाही, हे एकदा विसरलं की पंचवीस तारखेनंतर गंमत सुरू होते.

“तुझे कायझेन भरले का रे?”

“एक झालाय. एक दे की उसना.”

मग एप्रिलमध्ये नट-बोल्टचा ट्रे डावीकडून उजवीकडे जातो आणि ‘हाताची हालचाल कमी झाली’ असं लिहिलं जातं. जूनमध्ये तोच ट्रे उजवीकडून डावीकडे येतो. हालचाल पुन्हा कमी होते. या हिशोबाने वर्षाअखेर हात हलायलाच नको. शिवाय अर्जाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो लागतात. सुधारणा उत्साहात आधीच करून टाकलेली असते, फोटो राहिलेला असतो. म्हणून नीट लावलेली हत्यारं पुन्हा जमिनीवर पसरायची, थोडं ऑइल सांडायचं, ‘आधी’चा फोटो काढायचा आणि मग सगळं परत आवरायचं. एवढ्या मेहनतीने केलेला पसारा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पांढऱ्या कॉलरच्या जगात, म्हणजे हिंजवडी आणि खराडीच्या काचेच्या इमारतींत, हत्यारांऐवजी रंगीत चिकटचिठ्ठ्या असतात. इथल्या कार्यक्रमाचं नाव ब्रेनस्टॉर्मिंग. ॲलेक्स ऑसबर्न नावाच्या अमेरिकी जाहिरातवाल्याने ही पद्धत रूढ केली. त्याचे नियम चार: कल्पनेवर टीका करायची नाही, वेड्यावाकड्या कल्पनांचं स्वागत करायचं, जितक्या जास्त तितक्या चांगल्या, आणि एकाच्या कल्पनेत दुसऱ्याने भर घालायची. आपण चारही नियम फळ्यावर लिहून घेतो. पाचवा नियम लिहायची गरज नसते: सुरुवात मॅनेजर करेल.

“देअर आर नो बॅड आयडियाज,” मॅनेजर सांगतात. “म्हणजे, मी आपलं उदाहरणादाखल एक सांगतो, तुम्ही त्याने इन्फ्लुएन्स होऊ नका.” आणि ते पंधरा मिनिटं उदाहरण देतात. त्यानंतर काचेवर चिकटलेल्या पिवळ्या, गुलाबी, पोपटी चिठ्ठ्या वाचल्या तर एकच कल्पना वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेली आढळते. तिलाच ‘टीममध्ये अलाइनमेंट आहे’ असं म्हणतात.

ऑसबर्नसाहेबांचा दावा होता की गटात डोकी जास्त चालतात. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून नंतर यादी एकत्र केली, तर कल्पना कितीतरी जास्त निघाल्या. गटात माणूस आपली पाळी येईपर्यंत थांबतो, थांबता थांबता विसरतो, आणि आठवलंच तर ‘यांनी आत्ता सांगितलं तेच मला म्हणायचं होतं’ म्हणून मोकळा होतो.

सहकार्याचंही तसंच आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. आठ जण मिळून ओढत तेव्हा एकूण जोर जेमतेम चौघांच्या स्वतंत्र जोराइतका भरे. बाकीचे चार जण दोराला धरून उभे होते, चेहऱ्यावर ओढल्याचे भाव होते. कार्यालयात यांना ओळखणं सोपं आहे. ईमेलच्या सीसीमध्ये ते असतात.

मराठी माणसाला हे दोराचं गणित मोजमापाशिवाय ठाऊक होतं. ‘गाव करी ते राव न करी’ असंही आपणच म्हणतो आणि ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ असंही आपणच. बारभाईंवर मात्र आपण जरा जास्तच अन्याय केला. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांच्या विरोधात नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभारी एकत्र आले ते एकमेकांवर फार प्रेम होतं म्हणून नव्हे. तरीही १७७४ मध्ये त्यांनी चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली आणि राज्य चालवलं. पाळण्यातला साहेब आणि बारा जणांचा कारभार, तरी काम झालं! बहुधा साहेब पाळण्यात होता म्हणूनच झालं. बैठकीत पहिलं बोलायला कोणी नव्हतं.

सरकारी कार्यालयात कल्पना तोंडी मांडण्याचा धोका कोणी पत्करत नाही. ती टिपणीवर मांडली जाते. समजा, आवक खिडकीवरच्या लिपिकाला वाटलं की अर्जाचा एक नमुना भरून भिंतीवर लावावा, म्हणजे लोक दिवसभर ‘इथे काय लिहू?’ असं विचारणार नाहीत. हा कागद आणि डिंक यांचा प्रश्न आहे. पण कल्पना नस्तीवर चढते. कक्ष अधिकारी लिहितात, ‘भिंत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अखत्यारीत येते. त्यांचे अभिप्राय घेणे उचित ठरेल.’ अवर सचिव विचारतात, ‘यासंदर्भात पूर्वोदाहरण आहे काय?’ उपसचिव वेलांटी लांबवत लिहितात, ‘चर्चा करावी.’

हा शेरा म्हणजे प्रशासनातलं सहकार्याचं सर्वोच्च रूप. चर्चा कोणी, कोणाशी, कधी करावी हे त्यात नसतं, त्यामुळे तो कधीच चुकीचा ठरत नाही. कालांतराने सर्वांचे एकमत होते: ‘तूर्त आवश्यकता दिसून येत नाही. नस्तीबद्ध करावे.’ तोवर लिपिकाने घरून आणलेला नमुना भिंतीवर चिकटवूनही टाकलेला असतो, आणि वार्षिक तपासणीत साहेब त्याच भिंतीकडे बोट दाखवून ‘अभिनव उपक्रम’ म्हणून त्याची नोंद करून घेतात.

श्रेयाचं व्याकरणही असंच ठरलेलं आहे. कल्पना यशस्वी झाली की प्रथमपुरुषी अनेकवचन: ‘आपण करून दाखवलं.’ फसली की द्वितीयपुरुषी एकवचन, आदरार्थी न करता. कँटीनमध्ये बसून लोक या व्याकरणाचा बारकाईने अभ्यास करतात आणि त्यांची पेनं आपोआप बंद होतात.

कायद्यालाही कामगारांनी बोलावं असंच वाटत आलं आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मालक आणि कामगारांची संयुक्त समिती नेमायची तरतूद होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचं मार्गदर्शक तत्त्व केलं. समितीने काय बोलावं याची यादी १९५९ मध्ये भारतीय श्रम परिषदेने मान्य केली: उजेड, हवा, पिण्याचं पाणी, कँटीन, सणांच्या सुट्ट्या. वेतन आणि बोनस मात्र नको. कँटीनमधल्या उसळीवर आपल्याकडे इतकी सखोल विचारसंपदा का जमा झाली, याचा उलगडा इथे होतो.

मग उपाय काय? आहेत, आणि त्यांना रिसॉर्ट लागत नाही. पहिला उपाय चक्क सैन्याकडे आहे. आपल्या सैन्यात कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घ्यायची वेळ येते, तेव्हा सुरुवात सगळ्यात कनिष्ठापासून होते. कर्नलसाहेबांचं मत ऐकून कॅप्टनने ‘मलाही तेच वाटतं’ म्हणू नये, एवढाच हेतू. जिथे हुकूम हाच धर्म, तिथे ही काळजी घेतात. जिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तिथे मात्र साहेब आधी बोलतात.

दुसरा उपाय, फसण्याची सोय. टाटा समूहात धाडसी पण अपेशी ठरलेल्या प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ नावाचं पारितोषिक देतात. फसल्याबद्दल व्यासपीठावर बोलावणं ही कल्पना बहुतेक कार्यालयांत पचणारी नाही. तिथे अपयशासाठी व्यासपीठ नसतं, केबिन असते. निदान केबिनचं दार तरी उघडं ठेवता येईल.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त: उत्तर द्यावं. हो म्हणायलाच हवं असं नाही. ‘तुमची सूचना वाचली, या कारणासाठी जमणार नाही’ एवढं एका ओळीत, आठवड्याच्या आत. नकार माणूस पचवतो. त्याला मारते ती ‘बघू’ नावाची जागा, जिथे गेलेली सूचना परत आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आणि होकार दिलाच, तर काम करायला माणूस, वेळ आणि पैसाही द्यावा. सुचवणाऱ्याच्या गळ्यात घालायचंच असेल तर आधी हार घाला, काम नंतर.

हे सगळं न जमणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा सांगतो. सोमवारच्या बैठकीत कोणीतरी सर्वांसमोर म्हणालं पाहिजे, “साहेब, तुमचं हे म्हणणं मला पटलं नाही.” साहेबांनी “का?” असं विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकलं पाहिजे. आणि मंगळवारी तो माणूस त्याच टेबलावर, त्याच खुर्चीवर, त्याच गावी बसलेला दिसला पाहिजे. तो तसा दिसला, तर बुधवारी लोक रांग लावून कल्पना सांगतील. इतक्या, की साहेबांनाच म्हणावं लागेल, “अहो, थोडं कामही करा.”